आजोबांची लष्करातली पेटी: पदके, डिस्चार्ज बुक आणि एक सरकपट्टी. यावरून त्यांची सेवा नीट कशी लिहावी?

महाल_नागपूर (धागाकर्ती)

नमस्कार. आजोबा १९६२ च्या अखेरीस तोफखान्यात भरती झाले आणि १९७९ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी सोळा पानांची छोटी पुस्तिका काढायची आहे आणि पदकांची एक चौकट करून भिंतीवर लावायची आहे. पेटीत सापडलेल्या वस्तू खाली देते.

सात पदके, काहींच्या फिती विरलेल्या. नावे वाचली ती अशी: समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार, रक्षा मेडल, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल (वर 'जम्मू और कश्मीर' अशी आडवी पट्टी), नऊ वर्षे सेवेचे पदक आणि स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचे पदक. डिस्चार्ज बुक आहे, पण दोन पाने एकमेकांना चिकटली आहेत. हुद्द्यापुढे 'टीए' लिहिले आहे. पांढरी सरकपट्टी (गणितासाठीची स्लाइड रूल), पितळी कंपास, पंधरा-सोळा अंतर्देशीय पत्रे आणि तेरा फोटो.

घरात सगळे सांगतात की आजोबा ढाक्याच्या शरणागतीच्या वेळी तिथे होते. पुस्तिकेची सुरुवात त्याच वाक्याने करायचे ठरले आहे. जाणकारांनी पाहावे.

---

फितीवाला

ताई, सुरुवातीचे वाक्य थांबवा. पदकेच सांगताहेत की ते ढाक्याला नव्हते.

१९७१ साठी तीन पदके निघाली. पूर्व आघाडीच्या युद्धक्षेत्रात होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर होते त्यांना पश्चिमी स्टार, आणि संग्राम मेडल त्याहून कितीतरी मोठ्या वर्तुळाला. तुमच्याकडे पश्चिमी आहे, पूर्वी नाही. ढाक्याची शरणागती १६ डिसेंबर १९७१ ची, आणि युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालेले. तेरा-चौदा दिवसांत तोफखान्याची एखादी रेजिमेंट पश्चिमेकडून ढाक्याला पोचणे शक्य नव्हते.

१९६५ चेही तसेच. समर सेवा स्टार म्हणजे प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातली हजेरी. रक्षा मेडल त्या काळात सेवेत असलेल्या पुष्कळ जणांना मिळाले. म्हणजे दोन युद्धे आणि दोन्ही वेळा आघाडीवर, हे नुसत्या पदकांवरून सिद्ध होते. हे लहान नाही. ढाक्याची गरजच काय?

सैन्य सेवा मेडलवरची पट्टी तर थेट ठिकाणच सांगते. ज्या कठीण भागात सेवा झाली त्याचे नाव पट्टीवर असते: जम्मू और कश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल), हिमालय, बंगाल-आसाम वगैरे. पट्टी सैल झाली असेल तर आत्ताच पाकिटात घालून ठेवा. फीत बदलताना सगळ्यात आधी तीच हरवते.

आणखी एक करा. प्रत्येक पदकाची कड भिंग लावून, तिरप्या उजेडात वाचा. भारतीय पदकांवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि दल बारीक अक्षरांत ठोकलेले असते. ताऱ्यांची मागची बाजूही पाहा. सातही पदकांवर क्रमांक एकच हवा. एखाद्यावर वेगळा निघाला तर ते दुसऱ्याचे आहे किंवा हरवल्यावर बाजारातून आणलेले आहे. हुद्दा मात्र वेगळा निघाला तर घाबरू नका, १९६५ चा गनर १९७१ ला नायक झालेला असतो.

---

गनपिट_७

'टीए' कडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. या पेटीतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

तोफखान्यात 'गनर' हा हुद्दा आहे, पायदळातल्या शिपायाच्या बरोबरीचा. त्यावरून काम कळत नाही. काम कळते ते ट्रेडवरून. जीडी म्हणजे प्रत्यक्ष तोफेवरचा, ओपीआर म्हणजे रेडिओ-टेलिफोनवाला, डीएमटी म्हणजे वाहनचालक आणि टीए म्हणजे टेक्निकल असिस्टंट. टीए तोफ डागत नाही, तोफ कुठे आणि कशी रोखायची ते तो काढून देतो. सरकपट्टी पेटीत त्यामुळेच आहे.

घरी समजावून सांगायला सोपे जावे म्हणून पूर्ण क्रम लिहितो. तोफा आघाडीच्या काही किलोमीटर मागे असतात आणि तोफेवरच्या माणसांना लक्ष्य दिसत नाही. पुढे उंचावर किंवा पायदळाच्या खंदकात निरीक्षण चौकी असते, तिला ओपी म्हणतात. तिथला अधिकारी नकाशावरून लक्ष्याचा ग्रिड संदर्भ बोलतो. तो रेडिओवर किंवा तारेवरून कमांड पोस्टला येतो. कमांड पोस्ट म्हणजे तोफांजवळचा खंदक नाहीतर गाडी. तिथे टीए फळ्यावर लक्ष्य मांडतो, तोफांपासूनचे अंतर मोजतो आणि ठरलेल्या शून्य रेषेपासून किती डावी-उजवीकडे वळायचे तो कोन काढतो. मग दुरुस्त्या. लक्ष्य तोफांपेक्षा उंचावर की खाली, वारा कुठून आणि किती, हवेचे तापमान, हवेचा दाब, दारूचे तापमान, तोफेची नळी किती झिजली आहे. थंडीत दारू कमी जोराने जळते, गोळा आखूड पडतो. झिजलेल्या नळीतूनही आखूडच पडतो. हे सगळे तक्ते आणि सरकपट्टी यांच्या मदतीने, रात्री झाकलेल्या दिव्याच्या उजेडात, एकेका मिनिटाच्या आत. मग तोफांना हुकूम जातो: कोणता गोळा, कोणता चार्ज (म्हणजे किती दारू), किती अंतर, किती कोन.

चुकले तर काय होते तेही लिहा. कोन मिलमध्ये मोजतात, पूर्ण वर्तुळाचे ६,४०० मिल धरतात. एक मिल म्हणजे १,००० मीटरवर साधारण एक मीटर. दहा मिल चुकले तर दहा किलोमीटरवर गोळा जवळजवळ शंभर मीटर बाजूला. आपले पायदळ लक्ष्याच्या दोन-तीनशे मीटर अलीकडे असते तेव्हा त्या शंभर मीटरचा अर्थ काय, हे वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून दोन टीए स्वतंत्रपणे तेच गणित करतात आणि उत्तर जुळले तरच आकडा पुढे जातो.

पुस्तिकेची सुरुवात याने करा.

---

महाल_नागपूर

गनपिट_७, हे घरात कुणालाच माहीत नव्हते. आम्ही सगळे ते तोफ चालवत असेच समजत होतो. ढाक्याची ओळ काढली आहे. त्यांच्या रेजिमेंटच्या नावात 'फील्ड' असे आहे, त्यावरून तोफ कोणती ते कळेल का?

---

गनपिट_७

अंदाज बांधता येतो, खात्री मात्र रेजिमेंटच्या नोंदीवरूनच. फील्ड रेजिमेंटकडे १९६५ ला बहुतेक ठिकाणी २५ पौंडी तोफ असायची, आणि १९७१ लाही पुष्कळांकडे तीच. मीडियमकडे ५.५ इंची, तिचा गोळा ८० किंवा १०० पौंडांचा. लाइट रेजिमेंटकडे १२० मिमी मॉर्टर. माउंटनकडे डोंगरात खोलून नेता येणाऱ्या तोफा.

२५ पौंडीबद्दल एवढे नक्की लिहू शकता: गोळा सुमारे ११.३ किलोचा, जास्तीत जास्त पल्ला १३,४०० यार्ड म्हणजे जवळपास सव्वाबारा किलोमीटर, तोफेवर सहा माणसे. गोळा आधी आणि दारूचे पितळी कवच नंतर, असे दोन वेगळे भरायचे. कवचात लाल, पांढरी आणि निळी अशा तीन पिशव्या असत. जवळ मारायचे तर निळी आणि पांढरी काढून टाकायची, नुसती लाल ठेवायची, लांबसाठी तिन्ही. सगळ्यात लांबच्या पल्ल्याला 'सुपर' नावाचा वेगळा चार्ज. किती पिशव्या ठेवायच्या हा आकडाही टीएकडूनच यायचा.

तोफा मागे असल्या तरी सुरक्षित नसतात. डागली की ज्वाला आणि आवाज यावरून शत्रू जागा शोधतो आणि उलट मारा करतो. म्हणून जागा बदलत राहायची. दर नव्या जागी सर्व्हे, शून्य रेषा आणि गणित पहिल्यापासून. शेवटच्या वर्षांत आजोबांना ऐकू कमी येत असेल तर तेही या नोकरीतलेच आहे, तोफखान्यात ते फार जणांना होते.

---

सदर_कागदपत्रे

डिस्चार्ज बुकाची चिकटलेली पाने ओढू नका, आणि वाफही देऊ नका. त्या काळची शाई पाण्याने पसरते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे आणि पेन्शनचे रबरी शिक्के तर आधी जातात. पुस्तक उघडे करून दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये सावलीत दोन-तीन दिवस राहू द्या, नंतर कडेकडेने पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून पाहा. अडली तर तिथेच थांबा. लॅमिनेशन कोणी सुचवले तर सरळ नाही म्हणा. ते गरम करून चिकटवतात आणि पुन्हा कधी सुटत नाही.

मधली पाने वाचता आली नाहीत तरी हरकत नाही, मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसात असते. तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे. नागपूरकडचे बरेच लोक कामठीला खेटे घालतात. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचे केंद्र आणि रेकॉर्ड आहे, तिथे फक्त गार्ड्सचीच कागदपत्रे मिळतील. धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: महार रेजिमेंट सागर, मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, सिग्नल्स आणि ग्रेनेडियर्स जबलपूर, बॉम्बे सॅपर्स खडकी, ईएमई (यंत्रदुरुस्ती दल) आणि ऑर्डनन्स (शस्त्र-सामान पुरवठा) सिकंदराबाद, रणगाडा दल अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), मेडिकल कोर लखनौ. वायुसेनेचे दिल्लीत सुब्रोतो पार्कला, नौसैनिकांचे मुंबईला. अधिकारी असतील तर फाइल दिल्लीला.

नाशिक रोडला साध्या कागदावर अर्ज करा. सोबत डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची प्रत, मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि तुमचे ओळखपत्र. आजी हयात असतील तर अर्ज त्यांच्याच सहीने जाऊ द्या. पेन्शनच्या कागदांत पत्नी म्हणून त्यांचेच नाव असते, त्यामुळे नात्यावरून पत्र परत येत नाही.

'सर्व माहिती द्यावी' असे लिहू नका. नेमके मागा: शीट रोलची (सेवेच्या मूळ नोंदीची) प्रत, पदकांच्या नोंदी, कोणकोणत्या युनिटमध्ये केव्हापासून केव्हापर्यंत होते ते, केलेले कोर्स, आणि बढतीच्या तारखा असलेल्या पार्ट टू ऑर्डरचे उतारे. दोन-अडीच महिन्यांत उत्तर नाही आले तर माहितीच्या अधिकारात. फी १० रुपये, ऑनलाइन किंवा पोस्टल ऑर्डरने, प्रतींचे पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. वैयक्तिक माहिती म्हणून नाकारू शकतात, म्हणून वारस असल्याचा पुरावा पहिल्याच अर्जाला जोडावा. आणि लक्षात असू द्या की असलेला कागद मिळतो, 'त्या रात्री ते कुठे होते' अशा प्रश्नाला कार्यालय उत्तर शोधून देत नाही.

उशीर करू नका. जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात, ज्यांना पेन्शन लागली नाही त्यांचे तर लवकरच. तुमच्या आजोबांची पंधरा वर्षांहून जास्त सेवा आहे, पेन्शन होती, म्हणजे फाइल असण्याची शक्यता चांगली.

---

इतवारी_४४०००२

मी विचारून राहिलो की कामठीबद्दल एक गोष्ट स्पष्ट होईल का? आमच्या मोठ्या आजोबांच्या कागदावर १९४६ चा कामठीचा शिक्का आहे आणि घरचे म्हणतात ते गार्ड्समध्ये होते.

---

सदर_कागदपत्रे

भाऊ, १९४६ ला गार्ड्स नव्हतेच. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स १९४९ ला उभी राहिली आणि तिचे केंद्र आधी राजस्थानात कोट्याला होते. १९४६ चा कामठीचा शिक्का असेल तर महार रेजिमेंट आधी तपासा. तिची पहिली पलटण १९४१ मध्ये बेळगावला उभी झाली, दुसरी कामठीला, आणि १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हा तिचे केंद्र कामठीतच होते. आता सागरला आहे. म्हणजे अर्ज सागरला करायचा.

तेव्हाच्या कागदांत 'जमादार' असा हुद्दा दिसेल. तो आजचा नायब सुभेदार, हे नाव १९६५ पासूनचे. आणि जेसीओ (नायब सुभेदार किंवा त्यावरचा) झाल्यावर माणसाचा क्रमांकच बदलतो, 'जेसी' ने सुरू होणारा नवा मिळतो. दोन क्रमांक दिसले म्हणून दोन माणसे समजू नका, अर्जात दोन्ही लिहा.

---

कामठी_रोड

पत्रांकडे या. पंधरा-सोळा अंतर्देशीय म्हणजे खजिना आहे. पत्ता '५६ एपीओ' की '९९ एपीओ'? एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. ५६ चे टपाल दिल्लीच्या तळावरून जाते, ९९ चे कोलकात्यावरून. त्यावरून गाव कळत नाही, पण पूर्व की पश्चिम एवढे बहुतेक वेळा कळते. शिक्का पाहा, त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असते. पत्र लिहिल्याची तारीख आणि शिक्क्याची तारीख यांत पाच-सात दिवसांचा फरक असला तर ते युनिट हलत होते किंवा टपाल अडले होते.

सगळी पत्रे तारखेने लावा, मागे पेन्सिलीने, दाब न देता, आकडा घाला. मजकुरात ठिकाण सापडणार नाही, लिहायला बंदी असायची. पण 'इथे पेरू स्वस्त आहेत', 'पाणी गोठते', 'वाळू डोळ्यांत जाते' अशी वाक्ये असतात. पेन्सिलीने समासात खूण करा. रेकॉर्डमधून युनिटच्या तारखा आल्या की ही वाक्ये त्यांच्यासमोर ठेवायची.

---

महाल_नागपूर

दोन पत्रे सोडून सगळी ५६ एपीओ. आजी ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना खूप आठवते पण साल एकही सांगता येत नाही. त्यांच्याकडून कसे काढून घ्यायचे?

---

कामठी_रोड

साल विचारूच नका, सण विचारा. १९६२ चे युद्ध दिवाळीच्या तोंडावर लागले. १९६५ चे जोरात पेटले ते पोळा-गणपतीच्या दिवसांत आणि युद्धबंदी झाली २३ सप्टेंबरला. १९७१ चे मार्गशीर्षातले, दत्तजयंतीच्या सुमारास सुरू झालेले. 'त्या वर्षी मारबतीला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ते घरी होते का?', 'दत्तजयंतीला पत्र आले होते का?' असे विचारले की आजी क्षणात सांगतील.

'तेव्हा तुम्हाला कसे वाटले' हा प्रश्न पहिल्या बैठकीत नको. वस्तू विचारा. मनीऑर्डर कितीची यायची, कोण वाचून दाखवायचे, रजा संपल्यावर कोणत्या गाडीने जायचे, ट्रंक कोण उचलायचे, डब्यात काय दिलेले असायचे, ब्लॅकआउटमध्ये खिडक्यांना काय लावले होते. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. फोन आजींच्या समोर नको, कडेला उशीवर ठेवा, पंखा आणि कूलर बंद करा, नाहीतर ध्वनिमुद्रणात फक्त तेच ऐकू येतात. फोटो एकेक करून हातात द्या आणि त्या बोलत असताना नाव दुरुस्त करायला जाऊ नका.

आणि पुस्तिकेत आजींनाही जागा द्या. सतरा वर्षे घर त्यांनी एकटीने ओढले आहे, तो सेवेचाच भाग आहे.

---

वाचनालय_झाशी_राणी

वर्तमानपत्रांबद्दल. १९७१ च्या डिसेंबरातल्या नागपूरच्या बातम्या शोधणार असाल तर तरुण भारत आणि इंग्रजीत हितवाद यांचे अंक बघा. लोकमत दैनिक म्हणून नागपुरातून सुरू झाले तेच १५ डिसेंबर १९७१ ला, शरणागतीच्या आदल्या दिवशी. त्यामुळे ३ ते १४ डिसेंबरसाठी तिथे शोधण्यात वेळ जाईल. त्या बातम्यांत आजोबांचे नाव मिळणार नाही, पण शहरातले ब्लॅकआउट, रक्तदान, संरक्षण निधी हे मिळते आणि आजींच्या आठवणींना तारीख लागते. जुने अंक उघडताना घडीवर जोर देऊ नका आणि फ्लॅश वापरू नका.

---

चौकट_सीताबर्डी

आता पदके. पितळेची पॉलिश, टूथपेस्ट, चिंच, लिंबू यांतले काहीही लावायचे नाही. पॉलिश म्हणजे बारीक घासणे, आणि पहिल्यांदा जाते ते कडेवरचे नाव. मऊ सुती कापडाने कोरडे पुसा. ताऱ्यांवर हिरवट पावडर असेल तर लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने खरवडा. हातमोजे घाला, घामाचे ठसे धातूत बसतात.

विरलेल्या फिती टाकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा. नवीन फीत ३२ मिमी रुंदीची, कामठी छावणीतल्या लष्करी शिंप्यांकडे मिळते. घेण्याआधी जुन्या फितीचा ऊन न लागलेला भाग, म्हणजे कडीमागे दुमडलेला, जुळवून पाहा. संग्राम आणि रक्षा यांच्या फिती विकणारेसुद्धा अदलाबदल करतात.

क्रम महत्त्वाचा. समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडून: समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार, रक्षा, संग्राम, सैन्य सेवा, २५ वा वर्धापनदिन, नऊ वर्षे सेवा. चौकटवाले सुंदर दिसावे म्हणून तारे दोन्ही टोकांना लावतात, तसे करू देऊ नका.

चौकट किमान दोन इंच खोल हवी. मागे आम्लरहित माउंटबोर्ड, वर सुती कापड. पदके डिंकाने किंवा गरम गोंदाने अजिबात नाही, फितीच्या मागून सुती दोऱ्याने टाके घाला. काच आणि वस्तू यांच्यात जागा राहिलीच पाहिजे. चौकटीत मूळ फोटो आणि मूळ कागद घालू नका, चांगली प्रत घाला. दहा वर्षांत चौकटीतला मूळ फोटो फिकट होतो.

भिंत निवडताना नागपूरचा विचार करा. कूलरच्या झोतात किंवा कूलर बसवलेल्या खिडकीच्या भिंतीवर लावू नका. एप्रिल ते जून त्या भिंतीला सतत ओल असते, आतल्या काचेवर पाणी धरते आणि कागद काचेला चिकटतो. पश्चिमेची भिंत ४५ अंशांत तापते, तीही नको. आतली, सावलीतली भिंत, आणि मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे म्हणजे हवा खेळेल. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मागची बाजू उघडून वाळवी आणि चंदेरी किडे पाहा.

---

स्कॅनर_धरमपेठ

कागद ४०० डीपीआय, फोटो ६००, पासपोर्टच्या आकाराचे असतील तर १,२००. टिफमध्ये जपा, छपाईला जेपेग काढा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो आणि त्या शिक्क्यातल्या गावावरून युनिट कुठे होते ते कळते. फाइलीचे नाव '१९७१_पत्र_०३_पुढे' असे, म्हणजे क्रमाने लागतात. मूळ कागद पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटांत ठेवा. वास येणारी मऊ पीव्हीसी पाकिटे शाई ओढून घेतात. डांबरगोळ्या कागदाला लागून नकोत.

फोटोत गणवेश असेल तर बाहीवरची पट्टी मोठी करून पाहा. एक पट्टी लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. बढतीची तारीख रेकॉर्डमधून आली की फोटोचे साल आपोआप मिळते. फितींची ओळही मोजा: ७१ च्या फिती असतील तर फोटो त्यानंतरचा.

इथे किंवा व्हॉट्सॲपवर टाकताना सेवा क्रमांक, पेन्शन आदेशाचा क्रमांक आणि बँकेचा तपशील झाका. आजींची फॅमिली पेन्शन चालू आहे, तेवढ्या माहितीवर फसवणुकीचे फोन सुरू होतात.

---

महाल_नागपूर

दोन प्रश्न राहिले. मुखपृष्ठावर तिरंगा आणि त्यावर आजोबांचे नाव असे डिझाइन आले आहे, चालेल का? आणि काका विचारतात की दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर नाव लावता येईल का?

---

फितीवाला

मुखपृष्ठ बदला. ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वजावर कोणतीही अक्षरे लिहायची नाहीत. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर दिसते म्हणून ते बरोबर ठरत नाही. फोटोला झेंडा गुंडाळणे किंवा चौकटीचे अस्तर करणे हेही नको. त्याऐवजी सरकपट्टीचा मोठा फोटो मुखपृष्ठावर घ्या, त्यांच्या हातांनी रोज वापरलेली वस्तू आहे.

युद्धस्मारकावर, २५ फेब्रुवारी २०१९ ला खुले झालेल्या, स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर वीरमरण आलेल्यांची नावे आहेत. निवृत्तीनंतर घरी गेलेल्यांसाठी ती जागा नाही. काकांना सांगा, आजोबांची आठवण त्यांच्या रेजिमेंटला कळवा. प्रत्येक युनिट आपल्या जुन्या माणसांची नोंद ठेवते. पुस्तिकेची एक प्रत युनिटच्या सुभेदार मेजरांना पाठवा, पत्ता युनिटचे नाव आणि एपीओ. २८ सप्टेंबरला तोफखान्याचा गनर्स डे असतो, त्याच्या महिनाभर आधी पोचेल असे बघा.

युद्धस्मारकावरच्या श्रद्धांजलीला जाणार असाल तर वारसाने पदके उजव्या छातीवर लावायची. डावी बाजू ज्याने मिळवली त्याची.

---

गनपिट_७

डिस्चार्ज बुकात 'कॅरॅक्टर' म्हणून एक रकाना आहे, त्यात काय लिहिले आहे? आणि कोर्सच्या पानावर देवळालीचे नाव आहे का? तिथे स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. भरतीचे प्रशिक्षण नाशिक रोडला किंवा १९६२ ला नव्याने निघालेल्या हैदराबादच्या केंद्रात झालेले असू शकते, पण हवालदार टीए देवळालीला कोर्स करून आला असेल तर तो पुढच्या पोरांना शिकवणारा होता.

---

महाल_नागपूर

'एक्झम्प्लरी' असे आहे. कोर्सचे पान त्या चिकटलेल्या दोनांतले असावे, पट्टी अर्ध्यापर्यंत गेली आणि अडली, तिथेच थांबवली. नाशिक रोडचा अर्ज आजींच्या सहीने तयार केला आहे. यादीत 'केलेले कोर्स' हे पहिल्या क्रमांकावर घेतले.

---

सदर_कागदपत्रे

'एक्झम्प्लरी' हा सगळ्यात वरचा शेरा आहे, त्याखाली 'व्हेरी गुड' आणि 'गुड'. पुस्तिकेत तो शब्द जसाच्या तसा घ्या, त्या पानाच्या फोटोसकट, क्रमांक झाकून.

अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ज्या तारखेला पोचतो तिथून दिवस मोजायचे. उत्तर आले की शीट रोलमधली युनिट आणि तारखांची ओळ इथे टाका, गनपिट_७ ती पत्रांशी लावून देतील.